बिनवर्माचं भूत

रविवारी जेवणं आटोपली की तन्मय टेबल पुसून त्यावर निहारची खेळाची पेटी मांडायचा. राक्षसांच्या बोटभर मूर्ती, चौकटींचा नकाशा आणि वीस बाजूंचा निळा फासा. निहार, तन्मय आणि शर्वरीचा एकुलता एक मुलगा, गेल्या वर्षी घाटात मोटारसायकल घसरून गेला. हा खेळ त्याचा. तो सूत्रधार व्हायचा, म्हणजे गोष्ट पुढे न्यायची आणि सगळ्या राक्षसांच्या बाजूने लढायचं. आता त्याच्या खुर्चीत तन्मय बसत होता, आणि मजेत बसत होता. शर्वरीला नेमकं तेच बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर तन्मयने आघातरोधक टोचून घेतलं होतं. मेंदूत वेदना ठरावीक पातळीच्या वर चढू लागली की हे औषध तिला तिथेच अडवायचं. डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं, "दुःख कळेल, पण जिव्हारी लागणार नाही." तसंच झालं. तन्मय जेवू लागला, झोपू लागला, कामावर जाऊ लागला. निहारचा विषय निघाला की हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा बोलू लागला. इकडे शर्वरी रडून रडून अर्धी झाली होती. शेवटी तिनेही हो म्हटलं. उद्या सकाळी तिला दवाखान्यात जायचं होतं.

त्या दुपारी रेवा आली होती. निहारच्या कंपूतली बाकीची पोरं हळूहळू यायची बंद झाली, ही तेवढी चिवट. तिने आग्रह करून शर्वरीलाही खेळायला बसवलं.

खेळात दोघी एका पडक्या किल्ल्यात शिरल्या. दारातच भूत उभं होतं. शर्वरीने तलवार उपसल्याचं सांगून फासा टाकला. वीस पडले.

"काकू, वर्मी घाव," रेवा म्हणाली. "वीस पडले की वार थेट वर्मावर बसतो. दुप्पट इजा. आणि वार कसा केला ते तुम्ही सांगायचं, असा निहारचा नियम आहे."

तन्मयने हसत मान हलवली. "भुताला नाही लागत तो. ज्याला काळीज नाही, आतडी नाहीत, त्याला वर्म कुठलं? ते वर्मी घावापासून अबाधित असतं. साधी इजा धर."

"धरू या. पण वार कसा केला ते तर सांगू दे त्यांना, काका."

शर्वरी नवऱ्याकडे बघत राहिली. तोच चेहरा, तेच ओठ मुडपून हसणं. या घरात भूत आहे आणि ते निहारचं नाही, असं तिच्या मनात आलं.

"मी तलवार खाली ठेवते," ती म्हणाली. "भुताजवळ जाते आणि त्याला सांगते, तुझा मुलगा घाटात पडला तेव्हा लगेच गेला नाही. त्याने आधी तुला फोन लावला होता. तू मीटिंगमध्ये होतास. तू फोन कापलास."

वर्षभर हे वाक्य तिने गिळून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. रेवाने मान खाली घातली.

"आठवतंय मला," तन्मय शांतपणे म्हणाला. "छान सांगितलंस. तरी इजा साधीच."

फासा उचलायला तो वाकला आणि नकाशावर टपकन पाणी पडलं. त्याने गालाला बोट लावलं, ओलं बोट नवलाने निरखलं.

"डोळ्यांत काही गेलंय का बघ गं," तो म्हणाला.

आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. डोळे मात्र धारा लागल्यासारखे वाहत होते. शर्वरी उठली, ओढणीच्या टोकाने ते पुसू लागली. पुसले तरी पुन्हा भरून येत होते. तन्मय लहान मुलासारखा चेहरा वर करून बसून राहिला.

"गेलंय का काही?" त्याने पुन्हा विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

घाव बसला होता. ज्याला बसला त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. उद्या तीही अबाधित झाली, तर हा माणूस रडतोय हे या घरात कोणाला कळणार होतं?