टेपचं दुसरं टोक

मोजणीबाईंचा तीस वर्षांचा नियम होता: टेपचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं माणसाच्या. टोक खिळ्याला अडकवून एकट्यानं मोजणारे लोक त्यांना बिलकूल खपत नसत. "टेप सरकली तर खिळा बोंबलणार आहे का?" असं त्या विचारायच्या.

त्या दुपारी मदतनीस आजारी पडलेला. म्हणून घरमालकांनी आपल्या लेकीलाच पुढं केलं. एकोणीस वर्षांची पोर, पण सगळे तिला चिमणीच म्हणत.

काम साधं होतं. घराचा नकाशा काढायचा आणि कोपऱ्यातल्या रकान्यात हिस्सेदार लिहायचे. घर होतं मालक आणि त्यांची पहिली बायको, दोघांच्या नावावर. ती जाऊन अकरा वर्षं झालेली. मालकांनी गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं होतं आणि आता सगळं घर नव्या बायकोच्या नावावर करायचं चाललं होतं.

"हिस्सेदार कोण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी एकटाच लिहा. चिमणी चार वाजता वकिलाकडे हक्क सोडल्याची सही करतेय. तिची काही हरकत नाही."

"घरात कटकट नको," चिमणी खाली मान घालून म्हणाली.

बाईंना कायदा तोंडपाठ होता. बाप दुसरं लग्न करो नाहीतर तिसरं, आईच्या अर्ध्यातला लेकीचा वाटा जागचा हलत नाही. सही केली की मात्र गेला! पण आपण मोजायला आलोय, नाक खुपसायला नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी बापाचं एकट्याचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

पहिल्याच खोलीत टेपच्या टोकाचा लोखंडी आकडा चिमणीच्या बोटात घुसला. "आई गं!" ती कळवळली. मग रुमाल गुंडाळून तशीच काम करत राहिली. गुणी पोर, बाईंना वाटलं, आणि अंमळ खुळीच.

शेवटी घराची पूर्ण लांबी राहिली. बाई पुढच्या दाराशी, शेजारी खुर्चीत मालक. चिमणी टोक घेऊन थेट मागच्या खोलीत गेली. तिथं तिच्या आईचं शिलाई मशीन अजून झाकून ठेवलेलं होतं. खोलीचं दार अर्धं लोटलेलं असल्यानं पलीकडचं दिसत नव्हतं. जरा वेळानं बाईंनी हाक दिली.

"धरलंस?"

टेप ताठ झाली. बेचाळीस फूट तीन इंच. बाईंनी माप टिपून घेतलं.

"झालं, दे सोडून."

टेप ढिली होईना. बाईंनी हलकेच ओढली. पलीकडूनही कोणीतरी हलकेच ओढली.

"अगं बाळ, झालं!"

"काय म्हणालात?" चिमणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मागोमाग नवी आई, जिला ती मावशी म्हणे, हातात पट्टीचा कापूस. "रक्त थांबेना, म्हणून मावशीनं आतल्या दारानं बोलावलं. टोक मी मघाशीच खाली ठेवून आले."

घरात एवढीच माणसं होती.

मालक उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन बसले.

टेप ताठच होती.

बाईंनी पेन काढलं. रकान्यात बापाच्या नावाखाली लेकीचं नाव लिहिलं आणि पुढं तिचा वाटा.

टेप ढिली झाली.

त्या गुंडाळू लागल्या. टोक जमिनीवर घासत नव्हतं. कमरेच्या उंचीवरून, चालत्या माणसाच्या बेतानं येत होतं. दाराच्या फटीतून, बोळातून, चिमणीच्या अगदी अंगाजवळून.

"बाबा," चिमणी म्हणाली, "मी नाही सही करणार."

मालकांनी मान डोलावली. त्यांची नजर टेपवरून हलत नव्हती.

टोक बाईंच्या हातात आलं. आकड्यावर स्वच्छ कापडाची चिंधी नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली होती, पुन्हा कुणाच्या बोटाला लागू नये अशी. दोरा दातानं तोडलेला होता. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.