दुसरी बाटली

“औषधाच्या दोन्ही बाटल्या संपवल्या होत्या ना?” दोन वर्षांपूर्वीचा कागद पुढे ओढत डॉक्टरांनी विचारलं, आणि ताईने बाजूला पाहिलं... शेजारच्या खुर्चीत धाकटी बसली होती!

“संपवल्या की,” ताई म्हणाली.

आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना अस्तर लावणाऱ्या त्या शिंपिणीने आज खोट्याला अस्तर लावलं. वडील आतड्याच्या कर्करोगाने गेलेले, म्हणून तेव्हा धाकटीनेच हट्टाने ताईच्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी ठरवली होती. पण धाकटीचं लग्न दोन दिवसांवर, पोशाखाची बाही अजून लावायची, आणि पोट साफ करणारं ते मेलं औषध माणसाला मशीनवर पाच मिनिटं बसू देईना! ताईने सकाळची दुसरी बाटली सरळ मोरीत ओतली. कागदावर आलं, ‘दिसलेला भाग स्वच्छ.’ घराने त्यातलं ‘स्वच्छ’ तेवढं वाचलं. पुढे ताई थकली, वाळली, की धाकटी हसून म्हणायची, “रिपोर्ट स्वच्छ आहे गं बाई, आता मनातली जळमटं काढ!”

“कधी कधी सगळं नीट करूनही नजरेतून सुटतं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “आता यकृतातही पसरलंय. फार तर दोन-तीन महिने...”

ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून असा निःश्वास कुणी टाकला असेल का!

बाहेरच्या बाकावर धाकटीने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. “ताई, खोटं का बोललीस? तुला ओतताना मी पाहिलं होतं!”

“पाहिलं होतंस?”

“दारातच होते. थांबवणार होते गं... पण बाही राहिली असती! तशीच मागे फिरले. दोन वर्षं ‘स्वच्छ, स्वच्छ’ म्हणत होते ना, ते तुला नव्हते सांगत... स्वतःला सांगत होते!”

ताईच्या मनात क्षणभर संताप उसळला. या आईवेगळ्या पोरीला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि हिने एका बाहीसाठी...! पण मांडीवर हुंदके देणारं ते डोकं तिने लहानपणापासून विंचरलेलं होतं. तिचा हात आपसूक केसांतून फिरू लागला.

“बाही बसली मात्र झकास होती,” ती म्हणाली.

धाकटी आणखीच रडू लागली.

“पुरे आता. आधी वडील, आता मी. तुझी तपासणी आजच ठरव. दोन्ही बाटल्या मी समोर बसून पाजणार!”

धाकटी डोळे पुसत नोंदणीच्या खिडकीशी गेली, विचारून परत आली. “चार महिन्यांनंतरची तारीख देतायत, ताई.”

“नको गं...” ताई म्हणाली, “त्याच्या आधीची माग.”