गोदूचा तांब्या

चामटोलीत बियाण्याच्या भाताला राख चोळून मग ते कणगीत भरतात. कीड लागत नाही. हे काम बायांचं, कोपरापर्यंत हात घालून करायचं. पंचावन्न साली मी सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बाजारातून कीड मारायची पावडर आणली. माझ्या बायकोने, गोदूने, ती राखेसारखीच हातांनी चोळली.

"राखेपरीस मऊ हाय," ती म्हणाली. "वास तेवढा मेला डोक्यात जातो."

आठवडा झाला नाही तोच तिचे ओठ निळे पडले. लघवी काळ्या चहासारखी झाली, मग थांबलीच. कॅम्प एकमधल्या सिंधी डॉक्टरने सुईने रक्त काढलं, ते काकवीसारखं तपकिरी आलं.

"गुर्दा बंद है, भाई. पानी नापके देना. दिनभर में एक कप. ज्यादा दिया तो और सूजेगी."

पाय आधीच सुजले होते. जोडवी मांसात रुतली होती, तेल लावूनही निघेनात.

"धनी, तांब्या निदान नजरंसमोर तरी ठेवा," ती म्हणाली.

ठेवला. त्याच्याकडे बघत बघत गेली.

जोडवी तिच्याबरोबरच चितेवर गेली, राखेत काळी होऊन सापडली. अस्थींसोबत मी ती उल्हास नदीत सोडली.

दहाव्याला शेजारच्या गोजरबाईने चुलीपुढे तांदळाचं पीठ पसरून वर टोपलं झाकलं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याची खूण पिठात उमटते म्हणतात.

"तहानेली गेली रे ती. तांब्या भरून ठेव जवळ."

सकाळी टोपलं उचललं. पिठात बाईमाणसाचं उजवं पाऊल होतं, बोटावर जोडव्याचा वळ. तांब्या कोरडा.

"पिली बाय," गोजरबाई म्हणाली. "पोटभर पिली."

मी खूप रडलो. मन हलकं झालं.

मग रोज तांब्या भरू लागलो. पीठही रोज पसरायचो. रोज पाऊल उमटायचं. ते फुगत चाललंय हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

एका संध्याकाळी तांब्या पालथा घातला.

सकाळी पीठ विसकटलेलं होतं. माझ्या उशाशी, सारवलेल्या जमिनीवर, दोन पांढरे पंजे होते. ओंजळ केल्यासारखे, जवळजवळ.

मी तांब्या परत भरला. तिची तहान मला बघवत नाही. सूजही बघवत नाही.

आज पावलाला बोटंच नव्हती. नुसता गोल, खोल खळगा.

त्यात एक जोडवं पडलं होतं. ताणून तुटलेलं, ओलं.