सोन्याचा नारळ

शंखदुर्ग किल्ल्याच्या पूर्व तटावर उजाडले, तेव्हा पायथ्याचे बंदर परातीतल्या पाण्यासारखे निश्चल होते. सात बेटांच्या ओळीतले किल्ल्याचे हे सर्वांत मोठे बेट. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा मधला डोंगर अडवून धरी, म्हणून पश्चिमेला लाटा माडांच्या मुळांशी आपटत असताना पूर्वेला होडीही डुलत नसे. हे बेटावरच्या शेळ्यांनाही ठाऊक होते, सुभेदार नरसिंगराव ढमढेऱ्यांना नव्हते. घाटावरच्या या गृहस्थांना पोहता येत नव्हते. पण सासरे दरबारी होते, एवढ्यावर आरमाराची सुभेदारी पदरात पडली होती.

आषाढ सरत होता. नारळी पौर्णिमेपूर्वी गलबत लोटायचे नाही, हा दर्यावर्दींचा रिवाज. पण समोरचे फिरंगी ठाणे दुसऱ्या सरदाराने आधी घेऊ नये, म्हणून रावसाहेबांनी मुहूर्त काढवला, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ बंदरात सोडला आणि फर्मावले, "दर्या आम्ही खुला केला आहे. एकवीसही गलबते उद्या प्रातःकाळी हाकारावीत!"

खलाशांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल बुधाजी कुबल मुजरा करून म्हणाला, "सरकार, दर्या निवता म्हणान आमी नारळ घालतो. नारळ घातलो म्हणान दर्या निवना नाय. डोंगरापलीकडे येवन बगा. वारो पडलो हा, तरी लाटा माडाएवढ्यो येतत. वादळ येतला."

"चिखल तुडवण्यासाठी आम्ही सुभेदार झालो नाही, तांडेल! आमच्या हुकुमाआड येईल त्याचा हात कलम होईल."

दुपारी सुभेदार पुरणपोळ्या रिचवून घोरत पडले. तीनशे खलाश्यांचे प्राण उद्या त्या घोरण्यापायी जाणार होते. बुधाजीने एकट्याने प्रत्येक गलबताच्या सुकाणूचे दोर कापले आणि दगड बांधून सुकाणू खोल पाण्यात सोडले. गुन्हा एकट्याचाच राहावा, म्हणून कोणाला हात लावू दिला नाही.

सकाळी सुभेदारांनी विचारण्याआधीच त्याने उजवा हात ओंडक्यावर ठेवला. "ह्योच तो हात, सरकार."

संध्याकाळी वादळ आले. तीन दिवसांत किल्ल्याचा पश्चिम बुरूज ढासळला. बंदरातले एक माणूसही गेले नाही. सुभेदारांनी खलिता धाडला, 'आमच्या दूरदृष्टीने आरमार बचावले.' दरबाराने पालखीचा मान बहाल केला. शहाण्यांचा दरबार तो!

नारळी पौर्णिमेला नव्या सुकाणूंची गलबते सज्ज झाली. सुभेदार पालखीतून उतरले आणि दुसरा सोनेरी नारळ त्यांनी पुढे केला. तो घ्यायला कोणी आले नाही. तीनशे माणसे पाठ फिरवून बुधाजीच्या झोपडीपाशी गेली आणि त्याला खांद्यावरून बंदरात घेऊन आली.

बुधाजीने पाण्याकडे बराच वेळ पाहिले. मग डाव्या हाताने साधा नारळ सोडला आणि म्हणाला, "आता जावा रे."

गलबते निघाली. सुभेदार नारळ धरून तसेच उभे होते. त्यांना निघण्याचा हुकूम कोणी विचारलाच नव्हता.