आरशासारखं हेड

खरं म्हणजे तो तिच्या दुकानात यायचाच नव्हता. त्याचं नेहमीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण तिथल्या मशीनची मोटर जळलेली, वरून बारीक पाऊस, हातात ओझं... मग काय, जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात तो शिरला. ओझं फुलाफुलांच्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं आणि त्याने ते असं छातीशी धरलं होतं की तिने मशीन बंद केलं आणि हळूच विचारलं, "झोपलंय का?"

"कोण?"

"बाळ."

तो ओशाळला. टॉवेल बाजूला केला तर आत इंजिनाचं हेड, स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं. तिने लोखंडी टेबलाकडे बोट दाखवलं, पण तो काही ते खाली ठेवीना. खाली घालायला लाकडाच्या दोन पट्ट्या मिळतील का, म्हणाला, नाहीतर ओरखडा उठेल.

तिने आजवर ढिगाने हेडं पाहिली होती, आणि ती आणणारी माणसंही. बहुतेक जण बटाट्याचं पोतं टाकावं तसं दाणकन टाकत आणि कधी मिळेल एवढंच विचारत. लाकडाच्या पट्ट्या मागणारा हा पहिलाच. तिच्या मनात तेवढ्यावरच काहीतरी हललं. तोंडावर मात्र तिने काही दिसू दिलं नाही. पट्ट्या शोधायच्या निमित्ताने ती पाठमोरी झाली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ शोधत राहिली.

दुकान फेसिंगचं. हेडचा खालचा पृष्ठभाग तासून सपाट करून द्यायचा, हे काम. वडील गेल्यावर ती आणि आई मिळून चालवत. ती मशीनवर, आई कोपऱ्यात स्टुलावर, दोन तळहातांत काठी फिरवत व्हॉल्व्ह घासत. मशीनच्या आवाजाने आईला कमी ऐकू येतं असा सगळ्या गल्लीचा समज होता, आणि तो दूर करायची आईला कधी गरज वाटली नव्हती.

हेडचं दुखणं त्याने दवाखान्यात सांगावं तसं सांगितलं. ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांनी एवढंच समजून घ्यावं, की खाली असतो ब्लॉक, वर बसतं हेड, आणि दोघांच्या मधे पुठ्ठ्याएवढं पातळ गॅस्केट. एकीकडे आग, एकीकडे पाणी, एकीकडे तेल, आणि कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही हे बघायचं काम त्या बिचाऱ्या गॅस्केटचं. साध्या गाडीत ते निभावून जातं. पण ही गाडी शर्यतीची होती. तिला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि तो ताईच्या हट्टापायी चांगलाच फुगवलेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. घाटातल्या शर्यतीत गाडी ती चालवायची, इंजिन हा बांधायचा. मागच्या शर्यतीत निम्म्या घाटात गॅस्केट गेलं होतं आणि ताई पांढऱ्या वाफेच्या ढगात बसून खाली आली होती.

"आता परत गेलं तर इंजिन मोठ्या वर्कशॉपला देणार, म्हणते," तो म्हणाला. "मग मी आहेच जनरेटर दुरुस्त करायला."

हसत म्हणाला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तिने ते पाहिलं. गॅस्केट कुठलं घालणार, तेही विचारलं. काळ्या ग्रॅफाइटचं, तो म्हणाला. या जुन्या इंजिनाला स्टीलचं मिळतच नाही. तिने मान हलवली. मान हलवताना ती त्याच्या पापण्यांवरचं पावसाचं पाणी बघत होती, ही गोष्ट वेगळी.

तो गेल्यावर तिने कामाला हात घातला. एका फेरीत पृष्ठभाग सपाट झाला. करडा, बारीक रेघांचा, अगदी हवा तसा. ग्रॅफाइटला असाच थोडा खरखरीत लागतो, त्या रेघांत ते दात रोवून बसतं आणि मग दाब कितीही आला तरी हलत नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. इथेच मशीन थांबवायचं होतं.

पण तिला वाटलं, लाकडाच्या पट्ट्या मागणाऱ्या माणसाला हे असं करडं काय द्यायचं? तिने कटरला पुन्हा धार लावली. वेग कमी केला, अगदी गोगलगाईसारखा. एक फेरी. मग अजून एक, एवढ्याने काय होतंय म्हणून. शेवटी हेड असं चमकायला लागलं की तिला त्यात स्वतःच्या भुवया दिसल्या, आणि त्या नीट करायला हव्यात हेही दिसलं.

"एवढं कुणासाठी गं?" आईने कोपऱ्यातून विचारलं.

"कामच तसं आहे."

"अस्सं," आई म्हणाली आणि व्हॉल्व्ह घासू लागली.

दुसऱ्या दिवशी तो आला. दाढी करून आला होता, हे आईने आधी टिपलं. हेड पाहून तो थबकला. त्याने त्यावरून नख फिरवलं, नख सर्रकन निसटलं. ओठांवर काहीतरी आलं... आणि परत गेलं. मग तो त्यावर वाकला. ती शेजारी उभी होती, आणि त्या चकचकीत धातूत दोघांचे चेहरे जरा लांबुडके, पण एकमेकांना खेटून दिसत होते.

"असं काम माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं," तो म्हणाला. मग घाईघाईने, "बसवताना तुम्ही याल का? म्हणजे... यावंसं वाटलं तर."

"काम दिलं की आमचा संबंध संपतो."

"संपवायलाच पाहिजे का?"

आईच्या हातातली काठी थांबली. कमी ऐकू येणाऱ्या बाईची काठी अशी कशी थांबते, ते आईच जाणे.

हेड बसवायच्या दिवशी ती गेलीच. त्याची शेड स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होती. त्याने ब्लॉकमधून वर आलेल्या प्रत्येक स्टडला, म्हणजे आट्यांच्या दांड्याला, तेल लावलं, गॅस्केट ठेवलं, वर हेड श्वास रोखून अलगद उतरवलं. नट आवळायची रीत असते. मधून सुरुवात करायची, मग बाहेर बाहेर जायचं, आणि एकदम कुणालाच पिळायचं नाही. सगळ्यांना आधी थोडं, मग अजून थोडं, मग पुरतं. ती क्रम सांगत होती, तो पाना ओढत होता. दाब पुरा झाला की पाना कट् असा वाजायचा आणि दोघं एकदमच मान डोलवायची.

"आता डावीकडचा. हं... त्याच्या समोरचा. अरे थांब, तो नाही, तो झालाय."

पाना हवेत राहिला. थांबा म्हणायचं ते थांब झालं होतं, तेही अरे लावून. तिचे कान तापले.

"थांबलो," तो म्हणाला. "तू सांगशील तेव्हा ओढतो."

पुढचे नट जरा हळूच आवळले गेले. घाई कुणालाच नव्हती.

मग ताई आली. गोरीपान, बुटकी, चालताना जमीन हादरावी अशी. छोट्या कुठाय, म्हणत आली. हा छोट्या चांगला दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा होता. शेडमागून टेकडीवर रस्ता जायचा. ताईने गाडी काढली आणि चढावर पाय दाबला. आवाज वर वर गेला, सुरेख, एकसारखा... आणि वळणापाशी अचानक फाटला. थोड्या वेळाने गाडी उतारावरून नुसती घरंगळत आली. मागे पांढरी वाफ.

ताई आरडाओरडा करणारी असती तर बरं झालं असतं. ती उतरली, हातमोजे काढले, आणि शांतपणे म्हणाली की छोट्या, बस झालं, उद्या मी इंजिन वर्कशॉपला पाठवते.

"चूक माझीच आहे ताई," तो म्हणाला. कुठली चूक, ते नाही म्हणाला. नट कमीजास्त आवळले असतील, असं ताईने गृहीत धरलं आणि त्याने धरू दिलं.

हेड उघडलं तेव्हा तिने ते उलटं करून पाहिलं. गॅस्केटने हेडवर कुठे साधा डागही सोडला नव्हता. दात रोवायला जागाच मिळाली नव्हती त्याला. टर्बोच्या दाबाने ते बर्फावरून घसरावं तसं सरकलं होतं. चूक त्याची नव्हतीच. तिची होती, भुवया दिसेपर्यंत चकाकणारी. आणि तो मान खाली घालून पाने पुसत होता.

ती तशीच निघाली. घरी आली, जेवली नाही. आईने विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुझे बाबा गेल्यापासून तुला मशीनवर गुणगुणताना ऐकलं नव्हतं मी. त्या दिवशी ऐकलं." आईने ताट पुढे सरकवलं. "बंद कर म्हणायचं जिवावर आलं. आता जेव, आणि सकाळी जाऊन सांगून ये. तो मुलगा तुझ्यापायी जनरेटरला जाता कामा नये."

बोलायला सोपं होतं ते. हेड आमच्याकडून बिघडलं, हे फेसिंगवाला सहसा कबूल करत नाही. गल्लीत एकदा बोभाटा झाला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. आणि गिऱ्हाइकाचं एक वेळ राहू दे, तो काय म्हणेल?

सकाळी शेडपुढे टेम्पो उभा होता, इंजिन न्यायला. ताई आणि तो दोघंही तिथेच. तिने वाटभर घोकलेलं सगळं विसरून एका दमात सांगितलं, की चूक त्याची नाही, माझी आहे, हेड मी नको इतकं गुळगुळीत केलं, त्यामुळे गॅस्केट घसरलं. नट त्याने अगदी बरोबर आवळले होते, मी समोर होते.

ताईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला माहीत नव्हतं, या गॅस्केटला खरखरीत लागतं ते?"

"माहीत होतं."

"मग केलंस कशाला?"

याचं उत्तर तिने घोकलं नव्हतं. टेम्पोवाला बघत होता. ज्याच्यासाठी केलं तो तर बघतच होता. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"त्याला... बघायला बरं वाटेल म्हणून."

मग त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, मलाही माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जास्त गुळगुळीत झालंय ते. नख लावलं तेव्हाच कळलं मला."

आता ती त्याच्याकडे बघायला लागली. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार होतो..." तो तिच्याकडे बघत, पण ताईला सांगावं तसं म्हणाला. "इतक्या मनापासून केलेलं. आता हे खराब करून द्या, असं म्हणू? मला वाटलं, निभावून जाईल."

ताईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"म्हणजे हिला माहीत होतं, तुला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली, "आणि टेकडी चढत होते मी."

टेम्पोवाला फिसकन हसला. ताईने त्याला रिकामाच परत पाठवला. मग दोघांना बजावलं की शर्यत तोंडावर आलीय, मला संध्याकाळच्या आत हेड पाहिजे, दिसायला कसंही चालेल, खरखरीत पाहिजे. आणि तुमचं जे काय आहे ते गाडीच्या बाहेर ठेवा, आत मी असते.

हेडला अजून एकदा तासण्याइतकी जाडी शिल्लक होती, नशीब. तिने एकच फेरी मारली. करडा, रेघारेघांचा पृष्ठभाग आला. तिने नख फिरवायला त्याच्यापुढे धरला.

"कसा आहे? खरं सांग."

"काही शोभा नाही," तो म्हणाला. "एकदम बरोबर आहे."

या वेळी ताई चढावर गेली ती आवाज न फाटता गेली. वळण घेतलं, त्याच्या पुढचंही घेतलं, आणि टेकडीमागे दिसेनाशी झाली तरी ऐकू येत राहिली. परत आली तेव्हा वाफ नाही, पाण्याचा थेंब नाही. ताईने किल्ली छोट्याकडे फेकली आणि वर्कशॉपचा विषय पुन्हा काढला नाही. शर्यतीला हेच इंजिन, आणि हाच मेकॅनिक, एवढंच म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

एक काम राहिलं होतं. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झालं की नट पुन्हा एकदा बघायचे असतात. तोवर हात लावायचा नाही. दोघं उपड्या खोक्यांवर बसली. ऊन उतरत होतं, इंजिनातून गार होताना टिक टिक आवाज येत होता.

"ताईने विचारलं तेव्हा तू जे सांगितलंस..." तो म्हणाला.

"ते हेडबद्दल होतं."

"नुसतं हेडबद्दल?"

ती नखातलं काळं काढत राहिली. ते निघणारं नव्हतं, कधीच निघत नसे.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "नख निसटलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं. दोन्ही सांगायला हवं होतं... हेडचं आणि हे."

"आधी कुठलं?"

"हे."

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली की ठीक आहे, पण यापुढे लपवाछपवी नाही. माझं काम बिघडलं तर तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही.

"आणि मी तुला आवडतो का, ते?"

"तेही सांगायचं तोंडावर." ती थोडी थांबली. "आवडतोस. झालं?"

"परत एकदा. पहिल्या वेळी सगळे नट पुरते आवळत नाहीत."

मग कोण काय बोललं ते इथे सांगण्यासारखं नाही. सगळेच जण तसलंच काहीतरी बोलतात. ताईने आणून ठेवलेले चहाचे कप बाजूला तसेच राहिले. ताई परत कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. तिने हेडवर हात ठेवला.

"अरे, हे केव्हाचं गार पडलंय. आवळा की."

त्याने उठून तळहात टेकवला. डॉक्टरने कपाळ बघावं तसा नीट, डोळे मिटून.

"अजून जरा कोमट आहे, ताई."

ताईने तिच्याकडे पाहिलं. तीही उठली. त्याच्या हाताशेजारी तिने आपला हात ठेवला. धातू चांगलाच गारठला होता.

"हो," ती म्हणाली, "आहे थोडं."