वाचलं आणि समजलं

प्रयोगशाळेच्या कोल्ड रूममध्ये आमची पहिली भेट झाली, आणि पहिल्याच भेटीत मी त्याची सहा महिन्यांची मेहनत पुसून टाकली. अक्षरशः पुसून.

माझ्या हातून स्पिरिट सांडलं. नीटनेटकेपणाची खोड मेली जात नाही, म्हणून शेजारच्या डब्यातल्या नळ्याही मी लख्ख पुसून ठेवल्या. मान वर केली, तर दारात तो... वरच्या मजल्यावरच्या बायोटेक कंपनीतला, ही खोली आमच्या विभागाबरोबर वापरणारा.

"त्यांच्यावर नावं लिहिली होती," तो म्हणाला.

माझ्या हातातला कापसाचा बोळा शाईने निळा झाला होता.

डीएनएत चुकीचं अक्षर शिरलं, की ते हेरून कापून काढणारी एन्झाइम्स असतात. मी बारा वर्षं त्यांच्यावरच काम करते आहे. त्याच्या चौदा नळ्यांत अशाच एका एन्झाइमची चौदा रूपं होती, काही चलाख, काही अगदीच मठ्ठ. कुठल्या नळीत कोण, हे आता एकेकाला कामाला जुंपूनच कळणार होतं.

"मी मदत करते," मी म्हटलं.

"बरीच केलीत." आणि वर हसत होता, मेला.

मग तीन आठवडे रोज दुपारी एकाच टेबलाशी आम्ही दोघं. थेंब मोजताना तो ओठातल्या ओठात आकडे पुटपुटायचा. माझं लक्ष आकड्यांकडे नसायचं.

"सगळ्यांच्या चुका काढता तुम्ही," तो एकदा म्हणाला.

"पोटापाण्याचा धंदाच आहे तो."

"माझी एकही नाही काढलीत अजून..."

"यादी करते आहे."

त्या दिवशी आईने फोनवर विचारलं, "आवाज इतका गोड का येतोय गं? सर्दी झालीय का?"

तेरा नळ्या ओळखल्या. चौदावी मात्र, उरलेली म्हणून गृहीत धरायची नाही म्हणत, तो पुन्हा पुन्हा तपासत राहिला. शुक्रवारी अचानक म्हणाला, "कंपनी मला दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये बोलावतेय. दोन वर्षं. उद्या उत्तर द्यायचंय."

भर सभेत मोठमोठ्या प्राध्यापकांशी वाद घालणारी मी, 'जाऊ नका' एवढे दोन शब्द काही तोंडातून फुटेनात.

"साक्षीदार म्हणून सही हवी होती," म्हणत त्याने प्रयोगांची वही पुढे केली. त्यांच्या कंपनीचा नियमच होता: प्रत्येक पान बाहेरच्या कुणीतरी वाचायचं, 'वाचलं आणि समजलं' असं लिहून सही करायची. आणि चुकलेलं गिरबटायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आपली सही.

मी पान वाचू लागले. चौदावी नळी, चौथी तपासणी. कारण: निकाल अस्पष्ट. आणि त्याच्या वरच्या ओळीवर एकच रेघ... 'पहिल्याच तपासणीत ओळखली होती. पण मग तिच्या शेजारी बसायला निमित्त उरलं नसतं.'

कान गरम झाले माझे.

"हे का खोडलंत? चुकीचं आहे?"

"कारण बरोबर आहे. लिहायची जागा चुकली."

मी 'वाचलं' एवढंच लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पुढचं?" त्याने विचारलं.

"समजलं नाही. तोंडी सांगा."

त्याने हातमोजे काढले. एक... मग दुसरा.

"तुम्ही मला — तू मला फार आवडतेस. उद्या नाही म्हणून कळवू का?"

"जाऊ नकोस," मी म्हटलं. इतकं सोपं होतं ते.

'आणि समजलं' लिहून मी सही केली. डोळे त्याच्याकडे होते, तारीखच चुकली. मी तिच्यावर एक रेघ मारली.

"आता शेजारी सही," तो म्हणाला. पण माझा हात त्याने धरला होता, आणि सोडायचं काही नाव घेत नव्हता.