पायचीत दिल्यानंतर

"मॅडम... ओळखलंत का?"

द्वारका सेक्टर नऊच्या मेट्रो स्टेशनवर मागून आवाज आला आणि मयुराच्या हातातला मोबाइल निसटता निसटता वाचला. ती वळली. उंच, सावळा तरुण. खांद्यावर क्रिकेटची लाल बॅग, तिच्या पट्ट्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिने लगेच ओळखलं. तीन आठवड्यांपूर्वी तिने पायचीत दिलेला फलंदाज!

मयुरा मूळची पुण्याची. आठवडाभर गुरुग्रामच्या ऑफिसात, आणि रविवारी द्वारकेच्या मैदानावर कंपन्यांच्या सामन्यांत पंच. त्या एका निर्णयाने सामना फिरला, कुणीतरी क्लिप नेटवर टाकली आणि तेव्हापासून तिला मेसेज सुरू झाले. आधी टिंगल, मग शिव्या. आणि कालचा तर – 'घरी जायला सेक्टर नऊवरूनच गाडी पकडतेस ना?'

"तुम्ही इथे काय करताय?" तिचा आवाज चिरकला.

"गाडीची वाट बघतोय. सगळे बघतात तशी." तो हसला. ती हसली नाही. ते दिसताच तो दोन पावलं मागे सरकला. "घाबरलात? सॉरी यार... म्हणजे, मॅडम. मी यतीन. आई मराठी, म्हणून थोडं मराठी येतं. एवढंच सांगायचं होतं, की मी आउट होतो. बिल्कुल आउट. क्लिपखाली तसं लिहिलं, तर मलाच शिव्या पडल्या."

तीन आठवड्यांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. गाडी आली. महिलांचा डबा समोर असूनही मयुरा त्याच्यामागून साध्या डब्यात चढली... आणि आपण असं का केलं, याचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. न वाचताच ती भराभर मेसेज पुसू लागली.

"काय करताय?"

"कचरा काढतेय. कर्ज घ्या, लॉटरी लागली, वीज कापू... आणि हे."

"थांबा! हा नका पुसू." त्याने स्क्रीनकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. "कर्जवाला तुम्हाला ओळखत नाही हो. माझ्या आजोबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या नंबरवर अजून लोन मंजूर होतंय! तो मेसेज खुशाल पुसा. पण हा माणूस तुमचं नाव घेऊन लिहितोय. त्याला तुम्हालाच घाबरवायचंय. हा कचरा नाही, पुरावा आहे."

"आणि तो पुरावा घेऊन झोपू कशी मी? उशाशीच असतो मोबाइल."

"मला पाठवा. मी सांभाळतो. तुम्ही वाचूसुद्धा नका."

जनकपुरी पश्चिमला ती उतरली, तेव्हा त्याचा नंबर तिच्याकडे होता. तो तसाच पुढे गाझियाबादला गेला.

मग रोजचंच झालं. ती न वाचता मेसेज पुढे पाठवायची, की लगेच त्याचं उत्तर यायचं. 'पोचलं. जेवलीस का?' तुम्हीचं तू कधी झालं, ते कळलंच नाही. 'आज डब्यात काय?' 'भेंडी.' 'मग शिव्या परवडल्या!' मुनिरकाच्या खोलीत मयुरा एकटीच हसायची. ज्या मोबाइलकडे बघवत नव्हतं, त्याचीच आता ती वाट बघू लागली होती.

गुरुवारी एक फोटो आला. मैदानावर पंचाच्या टोपीत ती, लांबून टिपलेली. खाली दोनच शब्द – 'रविवारी भेटू.' आणि कोपऱ्यात बाकावर ती लाल बॅग. पट्ट्याला पांढरी चिकटपट्टी.

यतीन? तिने तर त्याला सगळं सांगितलं होतं... खोली कुठे, ऑफिसातून सुटते किती वाजता!

दोन दिवस तिने त्याचा फोन घेतला नाही. 'मयुरा, बरी आहेस ना?' त्याचे हे चार शब्दही आता धमकीसारखे वाटत होते. शेवटी शनिवारी दुपारी तिने त्याला जनकपुरी स्टेशनवर, भर गर्दीत बोलावलं. खोलीतली मैत्रीण वीणा तिला चिकटून उभी होती.

मयुराने लांबूनच मोबाइल पुढे धरला. "ही बॅग कुणाची?"

यतीनचा चेहरा उतरला. "माझी." मग त्याने फोटो मोठा केला. "पण मयुरा, तुझ्या शेजारी पाठमोरा उभा आहे तो कोण?"

हेल्मेट घातलेला फलंदाज. बॅटच्या मुठीला हिरवी ग्रिप. यतीनने खांद्यावरची बॅग उघडून तीच बॅट बाहेर काढली. मयुरा बघतच राहिली. भीतीने तिला फक्त बॅग दिसली होती!

"मी आत खेळत होतो. मी गेलो तेव्हा बॅगेपाशी एकच जण होता..." तो अडखळला. "संग्राम. आमचा कॅप्टन."

"तुझा मित्र ना तो?"

"कॉलेजपासूनचा." त्याने बॅट परत बॅगेत घातली. "चल पोलिसांत. मी लिहून देतो. भीती मलाही वाटतेय, पण चल."

यतीनने एक्केचाळीस मेसेज तारीखवार लावून ठेवले होते. महिला फौजदारांनी एकेक वाचून काढला. आठवड्याभरात संग्रामने कबुली दिली. सामना हरल्याचा राग, म्हणे. संघातल्या बाकीच्यांनी यतीनशी बोलणं टाकलं. कबुलीनंतर शेवटच्या जबाबावर सही करून दोघं ठाण्याबाहेर आले, तेव्हा संध्याकाळ धुरकट झाली होती.

"त्या दोन दिवसांत मला दोन भीती होत्या," मयुरा म्हणाली.

"एक, की तो मीच. आणि दुसरी?"

"तो तू असलास, तर..." ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "तर मग मी वाट कुणाच्या मेसेजची बघायची?"

"मराठी कच्ची आहे गं माझी," तो हळूच म्हणाला. "याला 'हो' म्हणायचं असेल, तर काय म्हणतात?"

"'हो'च म्हणतात!"

"मग हो. माझ्याच मेसेजची बघ. आजही, आणि पुढेही."

तिने आपला गार हात त्याच्या हातात दिला. रस्त्यावर येताच तिने सवयीने मागे वळून पाहिलं. 'काही नाही गं, चल' असं यतीन म्हणाला नाही. तोही थांबला, तिच्याबरोबर वळला, आणि दोघांनी मिळून ती सगळी गर्दी नीट बघून घेतली. मग ते चालू लागले.